आवक नोंद नसलेला अर्ज

वरची वाडी, ता. रत्नागिरी
८ डिसेंबर २०२५

संदेश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील हे धरूनच लिहितो आहे. फोन करून पाहिले. माझा नंबर तू बंद करून ठेवलास. शेजाऱ्याच्या फोनवरून केला तर आवाज ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला काही तुला बंद करता येणार नाही. पत्ता तुझ्या आईने दिला, तोसुद्धा तीनदा मागितल्यावर: भिवंडी, गोदामामागची चाळ, खोली नंबर नऊ.

पत्राला कारण सरकारी आहे, तेव्हा काका मायेत आला असं समजू नकोस. गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्य मॅडमना मोठ्या साहेबांच्या बैठकीला बोलावलं होतं. येत्या दहा वर्षांत जिल्ह्यात जे काही उभं राहणार आहे त्याला पदवीधर मुलं लागणार, आणि ती आहेत कुठे, असा विषय. पडद्यावर एकेका कॉलेजचे आकडे दाखवले. आमचा लाल रंगात होता. शंभर मुलं आत येतात, पदवी घेऊन बाहेर पडतात ती जेमतेम निम्मी. मॅडम परत आल्या त्या तो लाल रंग चेहऱ्यावर घेऊनच. दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू. ज्यांचे एकदोन विषय राहिले आणि ज्यांनी पाठ फिरवली त्यांना शोधा, समजवा, परीक्षेला बसवा. काय उभं राहणार आणि कधी, ते मात्र बैठकीत कुणी सांगितलं नाही.

यादी काढायचं काम हेड क्लार्कचं, म्हणजे माझं. जूनमध्ये निवृत्त होतोय, जाता जाता हे आलं गळ्यात. त्रेसष्ट नावं निघाली. एकतिसाव्या नावावर बोट थांबलं. संदेश रघुनाथ, बी.कॉम. तृतीय वर्ष. सगळे पेपर पास, पहिल्या वर्गाचे मार्क. राहिलेला विषय एकच, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. पुढे लाल शाईने 'गैरहजर'.

जुनं उकरत नाही. तोंडी घेणाऱ्या मयेकर सरांनी तेव्हा ऐकलं नाही, त्याला मी काय करणार होतो? ते जे बोलले ते तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. पण तीन वर्षं होत आली. राग किती दिवस सांभाळायचा? फॉर्म सोबत आहे. सही कर आणि पाठव, बाकीचं मी बघतो.

तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो, सांगत नाही.

रावजीकाका


२९ डिसेंबर २०२५

संदेश,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचलं. फॉर्मही आला नाही, म्हणजे तू ते वाचलं.

तीन आठवडे स्कूटरवर यादी घेऊन फिरतोय. भाट्याच्या बाजूला एक मुलगा गाडीवर भजी तळतो, त्याचा इंग्रजीचा एक पेपर राहिलाय. म्हणाला, "काका, भजी आता इंग्रजीत तळायची हायत काय?" मी दोन भजी खाल्ली आणि निघालो. मालगुंडला एका मुलीची सासूच फॉर्म घेऊन दारात उभी. सुनेने शिकावं म्हणून नव्हे, अंगणवाडीत सून मोठ्या पदावर गेली तर शेजारणीची जिरेल म्हणून. असो, कारण कुठलंही चालेल. तेवीस फॉर्म झाले.

तुझ्याबद्दलही एक गोष्ट कळली. तुझी आई परवा पडवीत काजूच्या बिया निवडताना बोलून गेली. गोदामात ज्या मुलाला तू हाताला धरून काम शिकवलंस, तो आता तुझ्यावर सुपरवायझर झाला. का, तर त्याच्याकडे पदवीचा कागद आहे आणि तुझ्याकडे नाही. "माजा पोर तेला साहेब म्हंतो आता," असं म्हणाली आणि बिया निवडत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे तुला आवडो न आवडो, लिहितोय.

काल पावसच्या बाजूला गेलो होतो. तुझ्या वर्गातली हुदा आठवते ना, गफूर खलाशांची मुलगी? तीही यादीत आहे आणि तिचाही तोच विषय राहिलाय, प्रोजेक्टची तोंडी. लग्न झालंय, नवरा फैझान कतारला. ती गावातल्या बालवाडीत शिकवते. तिथे पाच तास उभी असते, पण पदवी नाही म्हणून तिला 'मदतनीस' म्हणतात. दारात मला बघून म्हणाली, "या रावजीकाका. त्या दिवशी तुम्ही खिडकीच्या त्या बाजूला होतात. आज ह्या बाजूला."

तिचं प्रकरण तुला माहीत असेल, तरी सांगतो. तिच्या वडलांचं जहाज चौदा महिन्यांनी मुंबईला लागणार होतं, दोन दिवसांसाठी. नेमकी तुमच्या तोंडीची तारीख. तारीख बदलून मिळावी म्हणून तिने अर्ज आणला आणि मी खिडकीतूनच परत केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, नियम सर्वांना सारखा. ती वडलांना भेटायला गेली. मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.

काल ती हे सगळं शांतपणे बोलली. मग विचारलं, "संदेशचा पण अर्ज होता ना? तो मला म्हणाला होता, काकांनी घेतलाय, काम झालं. त्या दिवशी मी सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून होते, संध्याकाळी पाचपर्यंत. शिपाई आत सोडत नव्हता. काका, तुम्ही केबिनमध्ये गेलातच नाहीत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला तोंडावर नाही म्हणालात," ती म्हणाली, "मी रडले, घरी गेले, विषय संपला. त्याला तुम्ही हो म्हणालात."

चहा तसाच ठेवून निघालो. फॉर्म तिने भरून दिला, तो मात्र घेऊन आलो. क्लार्कची सवय.

रावजीकाका


१८ जानेवारी २०२६

संदेश,

वीस दिवस हे पत्र मनात लिहीत होतो. आता कागदावर लिहितो. एकदाच लिहीन, कारण दुसऱ्यांदा लिहायचं धैर्य होणार नाही.

त्या वर्षीचा शिमगा. तुझा बाप, माझा रघू, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि देवीची पालखी १० मार्चला आपल्या वाडीत येणार होती. तुझी तोंडी परीक्षा त्याच दिवशी. पालखी दारात आली की घरच्या पुरुषाने पुढे होऊन नारळ ठेवायचा. माझे हात पालखीच्या दांड्याला, मी खांदेकरी. तुझ्या घरात पुरुष म्हणजे तू. मी तुला फोन केला. "भावाच्या दारातनं पालखी मोकळी जायची नाय. तू ये, परीक्षेचं मी बघतो." तू आदल्या दिवशी सकाळी कॉलेजात येऊन अर्ज माझ्या हातात दिलास आणि तसाच एसटीने गावी गेलास. काका हेड क्लार्क, मग पुतण्याला काळजी कसली?

तुझ्या आईने तेव्हा काय म्हटलं ते तुला आजवर माहीत नाही. ती म्हणाली होती, "भावजी, पोराची परीक्षा हाय. तेला बोलवू नका. नारळ मी ठेवते. देवी काय माजी दुश्मन हाय?" मी तिला सांगितलं, नवरा गेलेल्या बाईने पालखीपुढे नारळ ठेवायचा नसतो, आपल्यात चालत नाही. माझ्यापुढे ती नेहमीच गप्प होते.

तुझा अर्ज खिशात घालून खिडकीत बसलो. मयेकर सर यायचे होते. तेवढ्यात हुदा आली आणि मी तिचा अर्ज परत केला. तुला सांगतो संदेश, त्या क्षणी मला खिशातला कागद आठवत होता. तरी मी तो नियम बोललो, नव्हे, जरा जास्तच जोरात बोललो. मग ती मुलगी सरांच्या दारासमोर बाकावर बसली आणि उठेचना. तिच्यासमोरून पुतण्याचा अर्ज घेऊन आत कसा जाऊ? म्हटलं, ती गेली की जाईन. ती पाच वाजता उठली. तोवर सर मागच्या दाराने घरी गेले होते. फोन करता आला असता. त्यांच्या घरी जाता आलं असतं, दहा मिनिटांची वाट. मी पालखीची तयारी करायला गावी आलो.

दुसऱ्या दिवशी आपण दोघे पालखी नाचवत होतो. तू माझ्या पुढच्या दांड्याला. तू विचारलंस, "काका, झालं ना?" मी मान हलवली. तुझा अर्ज माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात होता.

निकालात गैरहजर आलं तेव्हा मी तुला म्हणालो, सरांनी अर्ज फेकला आणि वर म्हणाले की पालखी नाचवणाऱ्यांनी पालखीच नाचवावी, पदवी कशाला हवी. ते वाक्य ऐकून तू फाईल माझ्यापुढे आपटलीस आणि पुन्हा त्या कॉलेजची पायरी चढणार नाही म्हणून भिवंडीची गाडी धरलीस. पुढच्या सत्रात सहज बसता आलं असतं तुला. त्या वाक्यामुळे बसला नाहीस.

ते वाक्य सरांचं नव्हतं. माझं होतं. मी ते उभ्या उभ्या तयार केलं, माझी लाज झाकायला. सर अजून कॉलेजात आहेत. दर वर्षी एकदा तरी विचारतात, "रावजी, तुमचा पुतण्या काय करतो हो? काजूवरचा प्रोजेक्ट छान होता त्याचा." मी म्हणतो, मुंबईला मोठ्या कंपनीत आहे.

हे सगळं आताच का सांगतोय? सोमवारी मॅडमनी यादीतली बारा नावं कापली. ज्यांच्या प्रवेशाची मुदत संपली त्यांना आता परीक्षेला बसता येत नाही. त्यात तू आणि हुदा. मी विचारलं, काहीच मार्ग नाही? मॅडम म्हणाल्या, "विद्यार्थ्याची चूक असेल तर नाही. कार्यालयाची चूक असेल आणि ती कुणी लेखी कबूल केली, तर समितीपुढे नेता येईल. पण कबूल कोण करतंय, रावजी?"

अर्ज नाकारायचा अधिकार क्लार्कला नसतो. त्यावर आवक नंबर घालायचा आणि पुढे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. तुमच्या दोघांच्या अर्जांची आवक नोंद नाही, कारण मी ती केलीच नाही. तुझा अर्ज अजून माझ्याकडे आहे. गुलाल लागून गुलाबी झालाय. फाडायचीही हिंमत झाली नाही आणि द्यायचीही.

जबाब लिहून ठेवलाय, दीड पान. पाच महिन्यांवर निवृत्ती आहे. छत्तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. परवा मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि पाण्याचा जग भरून आहे का ते बघून परत आलो. असा आहे तुझा काका.

उद्या देतो.

रावजी


१० फेब्रुवारी २०२६

संदेश,

दिला. उद्या म्हणालो होतो, त्याला चार दिवस लागले, पण दिला. सोबत तो गुलाबी अर्ज जोडला. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "तुम्ही?" एवढंच.

मयेकर सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं, त्या वाक्यासकट. त्यांना रागावताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तीन वर्षं त्या मुलाच्या मनात मी असा आहे?" मला वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारणे दाखवा नोटीस आली आहे. चौकशी होईल. निरोपसमारंभाचं आता कुणी बोलत नाही, म्हणजे शाल-श्रीफळ वाचलं कॉलेजचं. मी आलो की ऑफिसातली मुलं विषय बदलतात. गावातही पोचलंय. गंगुबाईने विहिरीवर तुझ्या आईला ऐकवलं, "तुज्या दिरानंच तुज्या पोराचं वाटोळं केलान." तुझी आई कळशी घेऊन सरळ माझ्या दारात आली. मी तिला सगळं सांगितलं, जे तुला लिहिलं ते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी सांगितलं होतं तुमाला." मग गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आता घरातले तुम्ही दोघेही बोलत नाही आणि दोघांचंही बरोबर आहे.

आता महत्त्वाचं. समितीने तुम्हा दोघांना एक संधी दिली आहे. एकच. चुकली तर पुन्हा नाही. तोंडी परीक्षा १२ मार्चला, सकाळी अकरा वाजता. माझ्या चौकशीमुळे मला त्या दिवशी कॉलेजात यायला मनाई आहे, तेव्हा माझं तोंड बघावं लागेल ही भीती नको. तुझी काजूची फाईल आईने प्लास्टिकमध्ये बांधून पेटीत ठेवली होती, बुरशीचा डागही नाही. काल ती माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली, वेगळ्या पार्सलने पाठवतोय.

आणि ऐक. यंदाच्या पालख्यांच्या तारखा परवा ठरल्या. आपल्या वाडीत पालखी १२ मार्चलाच आहे. देवीला थट्टा सुचते ती अशी.

पालखीचा मानकरी, वाडीचा गावकर धोंडूदादा मला म्हणाला, "मग संदेशला बोलव. रघूच्या दारात कोण हाय दुसरा?" मी म्हणालो, तो येणार नाही, त्याची परीक्षा आहे. तो म्हणाला, "परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईल." संदेश, हेच वाक्य मी वाडीतल्या किती पोरांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. शिमगा आहे, ये. गौरी आहेत, ये. पूजा आहे, ये. परीक्षा काय, पुढच्या वर्षी. त्या त्रेसष्ट जणांत आपल्या वाडीतले सात आहेत. मॅडम मला विचारतात, मुलं मधेच का सोडतात, काही कारण सांगा, वर कळवायचंय. मी काय कळवू? आम्हीच त्यांना हाका मारतो म्हणून?

तू येऊ नकोस. कॉलेजात ये. घरी येऊ नकोस.

रावजी


१२ मार्च २०२६

संदेश,

पाय भरून आलेत, खांदा सोलवटलाय, तरी आजच लिहायला बसलो.

सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. तू येणार की नाही, काही कळवलं नव्हतंस. साडेअकराला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली. ढोल, गुलाल, पोरांच्या आरोळ्या. मी दांड्याला होतो, पण कान खिशातल्या फोनकडे. पहिल्या चार घरांत काय झालं ते आठवत नाही.

तुझ्या दारात आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. अंगण सारवलेलं, रांगोळी, पाट मांडलेला, पाटाशेजारी नारळ. तुझी आई आत दाराआड उभी. धोंडूदादा म्हणाला, "नारळ कोण ठेवतो? रावजी, तूच ठेव आन चल पुढं." मी ठेवू शकलो असतो. त्या वर्षीही शकलो असतो, खांदा बदलायला माणसं होतीच. हे मला आज कळलं असं नाही. तेव्हाही माहीत होतं.

मी तुझ्या आईकडे हात करत म्हणालो, "गोदा ठेवील."

ढोल थांबला. गंगुबाई मागून पुटपुटली. धोंडूदादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "रावजी, चालायचं नाय रे. बाई तशी हाय." मी म्हणालो, दादा, हिने तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. त्या एका नाहीपायी हिच्या पोराची तीन वर्षं गेली. आज ती ठेवील, नाहीतर मी खांदा काढतो. चालू पालखीत खांदा काढायचा नसतो, त्याला सगळे घाबरले. मीही घाबरलो होतो.

मग हाक मारली, "गोदा, नारळ घेऊन ये."

ती लगेच आली नाही. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने येणारच नाही. मग पदर सावरत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. पाटाशेजारचा नारळ दोन्ही हातांनी उचलून पालखीपुढे ठेवला आणि डोकं टेकवलं, ते किती वेळ उचलेचना. धोंडूदादा घसा साफ करत उभा होता. देवीला गाऱ्हाणं तर घालायलाच हवं. शेवटी त्याने सुरू केलं: "बा देवी, हे रघूचं घर. पोरगा आज... पोरगा आज परीक्षेला बसलाय. तेला यश दे. तेच्या आयशीचा नारळ मान्य कर." आणि सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" गंगुबाईसुद्धा म्हणाली, मी ऐकलं.

फोन दोन वाजता आला, हुदाचा. मी पुढच्या अंगणात होतो. म्हणाली, "काका, माझी झाली. त्याचीही झाली. अर्धा तास आत होता. सरच त्याला दारापर्यंत सोडायला आले." मी विचारलं, आता कुठे आहे? ती म्हणाली, "स्टँडवर गेला. अडीचची गाडी आहे म्हणाला."

म्हणजे घरी येणार नव्हतास. मीच तसं लिहिलं होतं. तरी तीन वाजेपर्यंत वळणाकडे बघत होतो.

निकालाचा कागद आला की आईच्या पत्त्यावर येईल. माझ्या हातून जाणार नाही, काळजी करू नकोस. उत्तर दे असंही म्हणत नाही. एक गोष्ट तेवढी कळवायची होती, बाकी सगळं लांबण.

आज तुझ्या दारातनं पालखी मोकळी गेली नाही. तू नव्हतास, तरी.

रावजी